अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी टीव्हीवरची मिस्सा: तिने श्रद्धा खरोखर बळकट होते का?

कोल्हापुरातल्या एका भगिनींनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईंना सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. सकाळी त्या टीव्हीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, पाहतात आणि दुपारी मोबाइलवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ऐकतात. धाकट्या भावाचे म्हणणे असे की ही नुसती चित्रे पाहणे झाले, त्याने वेळ जातो, श्रद्धा वाढत नाही. घरातली दोन मुले आता म्हणू लागली आहेत की आजी घरी मिस्सा पाहते, तर आम्हीही रविवारी घरीच पाहू. कॅथलिक टीव्ही आणि रेडिओ यांनी माणसाची श्रद्धा खरोखर बळकट होते का, होत असेल तर कशामुळे, आणि घरात या गोष्टी कशा वापराव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेत आलो आहे, त्यातली बरीच वर्षे आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, नेण्याच्या सेवेत गेली आहेत, आणि चर्चमधल्या मिस्सेचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या तरुणांबरोबरही मी काम केले आहे. या तिन्ही कामांतून एक गोष्ट मला पक्की पटली आहे, ती आधीच सांगतो. श्रद्धा बळकट होते, परंतु ती पाहण्याने किंवा ऐकत राहण्याने होत नाही. पडद्यावरून किंवा ध्वनिक्षेपकातून आलेल्या शब्दाला ऐकणारा माणूस उत्तर देऊ लागला की होते. ते उत्तर कधी ओठांवर येते, कधी हातातल्या जपमाळेवर, कधी शेजारच्या खोलीतल्या माणसाशी समेट करण्यातून. जिथे उत्तर नाही तिथे तुमच्या भावाचे म्हणणे खरे आहे, आणि त्याने विचारलेला प्रश्न मी हलका मानत नाही.

मराठी घराला हे समजावून सांगायला फार दूर जावे लागत नाही. कीर्तनकार कितीही रसाळ असला तरी मागे टाळकरी धरणारे नसतील आणि समोर बसलेले गजरात सामील होणारे नसतील, तर ते कीर्तन उभे राहत नाही. मिस्साही तशीच आहे. धर्मगुरू म्हणतात आणि लोक प्रतिसाद देतात. स्तोत्राची ओळ गायिली जाते आणि लोक धृपद म्हणतात. हा प्रतिसाद तोंडातच राहिला तर समोरचा पडदा कितीही मोठा असो, माणूस प्रेक्षकच राहतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धा ऐकण्यातून येते असे म्हटले आहे, आणि त्याच पत्रात अंतःकरणाने विश्वास धरण्याबरोबर मुखाने कबूल करण्याचीही गोष्ट केली आहे. कान आणि मुख यांची ही जोडी मी आजाऱ्यांच्या खाटेपाशी बसून प्रत्यक्ष पाहिली आहे.

तुमच्या आईंना अर्धांगवायू झाला आहे म्हणून एक अनुभव जरा सविस्तर सांगतो. कसबा बावड्यात एक वृद्ध गृहस्थ होते. झटक्यानंतर त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. मुलाचे नाव घ्यायला जात आणि भलताच शब्द बाहेर पडे, मग रागाने ते तोंड फिरवून घेत. घरच्यांनी त्यांच्यासाठी मोबाइलवर मराठी रोझरी लावायला सुरुवात केली, मुख्यतः त्यांचे मन रमावे म्हणून. रोझरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या 'नमो मरिये' या प्रार्थनेचा पूर्वार्ध मोबाइलमधून येई आणि उत्तरार्धही मोबाइलमधूनच येई, आणि ते छताकडे बघत पडून राहत. एके दिवशी मी त्यांच्या मुलीला सुचवले की पूर्वार्ध झाला की मोबाइल क्षणभर थांबवा. तिने थांबवला. खोलीत शांतता झाली आणि त्या शांततेत ते गृहस्थ म्हणाले, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते," आणि पुढची प्रार्थना शेवटच्या आमेनपर्यंत त्यांनी स्वच्छ म्हटली. मुलगी रडू लागली. मी त्यात चमत्कार शोधला नाही, कारण मेंदूच्या आजारांचे डॉक्टरही सांगतात की झटक्याने रोजचे बोलणे हिरावले गेले तरी लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना, गाणी, आकडे पुष्कळ रुग्णांना म्हणता येतात. परंतु त्या गृहस्थांच्या दृष्टीने त्यांना देवाशी बोलता आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते सात-आठ महिने रोझरी नुसती वाजत राहिली तेव्हा कधी दिसले नव्हते. यंत्र तेच होते आणि प्रार्थनाही तीच होती. त्यांच्यासाठी जागा तेवढी मोकळी केली गेली होती.

म्हणून माझी पहिली विनंती आईंच्या रोझरीविषयी आहे. शक्य असेल तर एकानेच पूर्वार्ध म्हणून नंतर थांबलेले ध्वनिमुद्रण निवडा किंवा स्वतःच तसे मुद्रित करून ठेवा. घरातल्या माणसाच्या आवाजात केलेले तर फारच उत्तम. आईंचे बोलणे अडखळत असेल तर त्यांच्या गतीने जा. रोझरीचे पाचही भाग, म्हणजे रहस्ये, पूर्ण झाली पाहिजेत असा आग्रह नको. एक दशक, म्हणजे दहा वेळा नमो मरिये, मन लावून झाले तरी त्या दिवसापुरते ते पुरेसे आहे.

आता भावाच्या आक्षेपाकडे वळतो. हा आक्षेप नवा नाही, आणि तो घेणारी माणसे श्रद्धाहीन नव्हती. व्हॅटिकन रेडिओ 12 फेब्रुवारी 1931 रोजी सुरू झाला. पोप पायस अकरावे यांच्यासाठी तो उभारला होता खुद्द गुल्येल्मो मार्कोनी यांनी. त्या दिवशी पोपांचा आवाज पहिल्यांदा एकाच वेळी जगभर ऐकू गेला. पुढे 1948 सालच्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधली मध्यरात्रीची मिस्सा दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत युरोपात यावर मोठा वाद झाला. कार्ल रानर यांच्यासारख्या जर्मन धर्मपंडिताने मिस्सा दूरचित्रवाणीवर दाखवण्यालाच विरोध केला. जे रहस्य श्रद्धेने सहभागी होणाऱ्यांचे आहे ते कोणीही, कशाही मनःस्थितीत, बटण दाबून पाहावे हे त्यांना योग्य वाटले नाही. मला हा आक्षेप आदरणीय वाटतो. आपल्याकडेही चहा पिता पिता, फोनवर बोलता बोलता मिस्सा चालू ठेवलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी रानर यांची आठवण होते.

तरीही चर्चने दुसरी वाट धरली, आणि ती धरताना तिच्या डोळ्यांसमोर तुमच्या आईंसारखी माणसे होती. पोप पायस बारावे यांनी 1951 साली महादूत गाब्रिएलला दूरसंचाराचा आश्रयदाता, म्हणजे त्या क्षेत्रासाठी देवाकडे प्रार्थना करणारा रक्षक, ठरवले, आणि 1958 साली दूरचित्रवाणीची आश्रयदाती म्हणून असिसीच्या संत क्लाराची निवड केली. क्लाराच का, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1252 सालच्या नाताळात ती इतकी आजारी होती की तिच्या मठातल्या भगिनी उपासनेला गेल्या आणि ती एकटी खाटेवर राहिली. त्या रात्री असिसीतल्या संत फ्रान्सिसच्या मंदिरात चाललेली उपासना तिला अंथरुणावरूनच ऐकू आली आणि दिसली, अशी परंपरा आहे. पुढच्याच वर्षी तिचा मृत्यू झाला. दूरचित्रवाणीची आश्रयदाती शोधताना चर्चने उपासनेला जाऊ न शकलेली, अंथरुणाला खिळलेली एक स्त्री निवडली, यात त्या निर्णयाचे सारे मर्म आहे. तुमच्या आईंना ही गोष्ट जरूर सांगा. मी ती कितीतरी घरांत सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला आपण मागे राहिलेले, विसरलेले नाही असे वाटल्याचे पाहिले आहे.

आणखी एक तारीख मला फार महत्त्वाची वाटते. 4 डिसेंबर 1963 या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचे, पहिले दोन दस्तऐवज जाहीर झाले. एक उपासनाविधीविषयीचा होता, ज्यामुळे लॅटिन सोडून लोकभाषेत मिस्सा होण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसरा वृत्तपत्रे, चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी या संपर्कमाध्यमांविषयीचा होता. पहिल्या दस्तऐवजात लोकांनी उपासनेत मुक्या प्रेक्षकांसारखे उपस्थित राहू नये, पूर्ण जाणीवेने आणि कृतीने सहभागी व्हावे, असा आग्रह आहे. दोन्ही दस्तऐवज शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे माध्यमांकडून चर्चची अपेक्षा काय, हे लख्ख दिसते. तुमच्या भावाला मी एवढेच सांगेन की त्याने ज्या गोष्टीला हरकत घेतली आहे, त्या मुकेपणाला चर्चचीही हरकत आहे.

चर्चचा नियम काय सांगतो तेही स्पष्ट असावे, कारण अनेक घरांत त्यावरून विनाकारण अपराधीपणा असतो. रविवारी मिस्सेला जाण्याचे बंधन आजारी माणसाला नाही, आणि त्याच्या सेवेत अडकलेल्या माणसालाही नाही. म्हणजे आईंना आणि ज्या रविवारी त्यांना एकटे सोडता येत नाही त्या रविवारी तुम्हालाही पाप लागत नाही. टीव्हीवरची मिस्सा हा त्या बंधनाचा पर्याय नाही, कारण जिथे बंधनच नाही तिथे पर्यायाचा प्रश्न येत नाही. ज्याला जाता येत नाही त्याने प्रार्थनेत वेळ घालवावा, एकट्याने किंवा कुटुंबासह, अशी शिफारस चर्चच्या कायद्यात आहे, आणि टीव्हीवरची मिस्सा त्या प्रार्थनेला मोठा आधार देते. उलट जो धडधाकट आहे त्याने घरी सोफ्यावर बसून मिस्सा पाहिली तर त्याने रविवार पाळला असे होत नाही. ख्रिस्तप्रसाद पडद्यातून मिळत नाही आणि पापनिवेदन फोनवरून करता येत नाही; संस्कारांना माणसाचा देह समोर असावा लागतो. पोपांच्या 'उर्बी एत ओर्बी', म्हणजे रोम शहराला आणि जगाला दिलेल्या आशीर्वादाची गोष्ट वेगळी आहे. तो थेट प्रक्षेपणातून भक्तिभावाने स्वीकारणाऱ्यालाही त्याची कृपा लाभते हे चर्चने मान्य केले आहे. त्यामुळे नाताळ आणि ईस्टर या दोन दिवशी आईंसाठी ते प्रक्षेपण चुकवू नका, आणि ते थेट असतानाच लावा.

2020 सालचा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. कोल्हापुरातली देवळे, मशिदी, चर्च सगळे बंद होते. 9 मार्च ते 18 मे या काळात पोप फ्रान्सिस यांची व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता या निवासातली रोजची सकाळची मिस्सा थेट दाखवली जात होती. 27 मार्चच्या पावसाळी संध्याकाळी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात ते एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करत होते, ते दृश्य अनेकांच्या मनातून अजून गेलेले नाही. आपल्याकडे वसई आणि पुण्याकडून मराठी मिस्सा मोबाइलवर येऊ लागल्या. आमच्या ओळखीच्या कुटुंबांनी पहिल्यांदाच घराच्या बैठकीत मेणबत्ती लावून, मुलांना बाजूला बसवून, एकत्र मिस्सा ऐकली. कित्येक घरांत कुटुंबाची एकत्र प्रार्थना त्या काळात सुरू झाली आणि अजून टिकली आहे. पण त्याच पोपांनी 17 एप्रिल रोजी प्रवचनात इशारा दिला की पडद्यावरून एकत्र येणे ही अडचणीच्या काळाची गोष्ट आहे, चर्च म्हणजे हे नव्हे, आणि या बोगद्यातून आपल्याला बाहेर पडायचे आहे. स्वतः रोज सकाळी पडद्यावरून लाखोंपर्यंत पोचत असताना त्यांनी हे म्हटले, म्हणून मला त्या इशाऱ्याचे वजन अधिक वाटते.

आईंच्या बाबतीत मात्र तो बोगदा संपलेला नाही, आणि आपण त्याचा विचार केला पाहिजे. टीव्हीवरची मिस्सा त्यांना चर्चशी जोडून ठेवणारा धागा व्हावी, चर्चच्या जागी बसू नये, यासाठी काही साध्या गोष्टी माझ्या अनुभवात उपयोगी पडल्या आहेत.

वेळ ठरलेली असावी. दिवसभर चॅनेल चालू ठेवणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे प्रभूचा शब्दही घरातल्या पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो. दिवसात एक मिस्सा, एक रोझरी, आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच-सात मिनिटांचे शुभवर्तमानवाचन, एवढे पुष्कळ आहे. मिस्सेपूर्वी आईंचे तोंड धुवून, केस विंचरून, उशा लावून त्यांना शक्य तितके उठवून बसवा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर खुर्चीत बसवा. पडद्याच्या बाजूला क्रूस आणि मेणबत्ती ठेवा. आजारपणात माणसाला आपल्या देहाची लाज वाटू लागते. मिस्सेसाठी कोणीतरी आपल्याला तयार करते आहे, एवढ्यानेही तिच्या मनात आपण अजून देवाच्या दारात उभे राहण्याजोगे आहोत ही भावना परत येते. आणि कोणीतरी तिच्याजवळ बसावे. रोज शक्य होणार नाही, आठवड्यातून दोनदा तरी. प्रतिसाद दोघांनी मिळून म्हणावेत. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आवाज बंद करून संत आल्फोन्सस लिगोरी यांची आत्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हणा. प्रभूला आता प्रत्यक्ष स्वीकारता येत नाही, तेव्हा आत्म्याने तरी माझ्या अंतःकरणात ये, असा तिचा आशय आहे. त्यानंतर दोन मिनिटे काहीही लावू नका.

आवाजाविषयी थोडे तांत्रिक सांगतो, कारण या कामात मी स्वतः चूक केली आहे. आम्ही पहिल्यांदा थेट प्रक्षेपण केले तेव्हा सगळे लक्ष चित्रावर दिले. फुले कशी दिसतात, वेदी चौकटीत नीट येते का. मोबाइल उभा केला होता चर्चच्या मधोमध, त्यामुळे प्रवचनापेक्षा पंखे, खोकला आणि मुलांचा गलबला अधिक ऐकू येत होता. दुसऱ्या आठवड्यात एका आजारी बाईंच्या घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या की फादर दिसले पण देव बोललेला ऐकू आला नाही. त्या वाक्याने मला शिकवले. ध्वनिक्षेपकाची तार थेट जोडल्यानंतर चित्र साधेच राहिले, पण लोक प्रतिसाद देऊ लागले. तुमच्या घरीही मोठ्या पडद्यापेक्षा आईंच्या कानाजवळ ठेवलेला एक लहान, स्पष्ट आवाजाचा स्पीकर अधिक उपयोगाचा ठरेल, विशेषतः झटक्यानंतर एका बाजूने कमी ऐकू येत असेल किंवा दिसत असेल तर. आणि दोन-तीन रोझरी, काही भक्तिगीते मोबाइलमध्ये साठवून ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा आपल्या भागात वीज नव्हती, इंटरनेट नव्हते. ज्यांच्याकडे काही साठवलेले होते त्यांनाच त्या दिवसांत प्रार्थनेची सोबत मिळाली.

चित्रापेक्षा आवाज श्रेष्ठ का, याला आपल्या परंपरेतही उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली प्रथम छापले गेले. ते ओवीबद्ध आहे आणि गोव्याकडच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी लोकांना मोठ्याने वाचून दाखवले जात असे. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून ख्रिस्ताचे चरित्र कानावाटे मिळाले. चारशे वर्षांपूर्वीचे ते वाचन, 1903 साली सुरू झालेल्या 'निरोप्या' मासिकाची घराघरांत झालेली सामूहिक वाचने, आणि आजचे मोबाइलवरचे शुभवर्तमान, हे मला एकाच ओळीतले वाटते. शिवाय कोल्हापूरच्या घरांना सकाळी आकाशवाणीवर अभंग आणि भक्तिगीते ऐकण्याची जुनी सवय आहे. दूध काढताना, भाकरी थापताना माणसे ऐकत आली आहेत. पडदा हात आणि डोळे अडकवतो, आवाज अडकवत नाही. तुमच्यासारख्या दिवसभर सेवेत गुंतलेल्या लेकीसाठी तर पाच मिनिटांचे ध्वनिचिंतन हाच खरा आधार आहे. आईंची श्रद्धा जपताना तुमचीही जपली गेली पाहिजे.

भाषेचा प्रश्न येतोच. मराठीत स्वतंत्र कॅथलिक दूरचित्रवाणी वाहिनी नसल्याची खंत मला अनेक वर्षे आहे. केरळात शालोम आणि गुडनेस, तमिळनाडूत माधा अशा वाहिन्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या समाजाच्या संख्याबळावर. खाजगी एफएम परवान्यांच्या नियमांनुसार धार्मिक संस्थांना रेडिओ वाहिनी चालवता येत नाही, त्यामुळे भारतात कॅथलिक रेडिओ दीर्घकाळ लघुलहरींवरच ऐकला गेला. व्हॅटिकन रेडिओचे हिंदी, तमिळ आणि मल्याळम कार्यक्रम, आणि 1969 साली मनिलाहून सुरू झालेली रेडिओ व्हेरिटास एशिया, हे त्याचे मुख्य आधार होते. व्हेरिटासने 2018 साली लघुलहरींचे प्रक्षेपण थांबवले आणि ती इंटरनेटवर गेली. आता मराठीसाठी इंटरनेट हाच मार्ग आहे. अमेरिकेत मदर अँजेलिका या क्लारा संघाच्या संन्यासिनीने 15 ऑगस्ट 1981 रोजी मठाच्या गॅरेजमधून ईडब्ल्यूटीएन ही वाहिनी सुरू केली आणि ती पुढे जगभर पोचली, हे आठवले की मराठीतही काही तरी उभे राहील असे वाटते. त्या वाहिनीचे इंग्रजी कार्यक्रम चांगले आहेत, पण आईंसाठी त्यांचा उपयोग मर्यादित आहे. माणूस वेदनेत असतो तेव्हा तो आईच्या भाषेत प्रार्थना करतो. कोल्हापूरच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या केरळच्या परिचारिकांना मी याविषयी विचारले आहे. रात्रपाळी करून खोलीवर आल्यावर त्या मोबाइलवर मल्याळम मिस्सा लावतात, आणि रविवारी आपल्या चर्चमध्ये मराठी किंवा इंग्रजी मिस्सेला येतात. एकीने सांगितले की मल्याळम स्तोत्र ऐकले की आपण कोण आहोत ते आठवते, आणि मग इथल्या चर्चमध्येही परके वाटत नाही. तेव्हा आईंसाठी वसईची किंवा पुण्याची मराठी मिस्सा निवडा. त्या मूळच्या आजरा-चंदगडकडच्या असतील आणि कोंकणी त्यांच्या कानाला जवळची असेल, तर अधूनमधून गोव्याची कोंकणी मिस्सा लावा. रविवारी दुपारी पोप रोममध्ये देवदूताची प्रार्थना म्हणतात, ती भारतात उन्हाळ्याच्या महिन्यांत साडेतीन वाजता आणि हिवाळ्यात साडेचार वाजता दिसते. भाषा कळली नाही तरी तेवढी पंधरा मिनिटे आईंना जगभरच्या चर्चबरोबर बसल्याचा आनंद देतात.

काही कार्यक्रम मात्र टाळा. पैसे पाठवले की आजार बरा होईल असे सुचवणारे, औषधे बंद करायला सांगणारे, नवनव्या दृष्टान्तांनी आणि जगबुडीच्या तारखांनी घाबरवणारे कार्यक्रम श्रद्धेला खतपाणी घालत नाहीत, भीतीला घालतात. कार्यक्रमामागे बिशपांची मान्यता आहे का, एवढे फादरना विचारले तरी पुष्कळसे गाळले जाते. आईंचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बदलायचे नाही, हे घरात सर्वांना ठाऊक असू द्या.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत आवडीचे आहे, कारण त्यात आजीचेही भले आहे. मुलांना रागवू नका. त्यांना सांगा की आजी घरी मिस्सा पाहते ती तिला येता येत नाही म्हणून, आणि तुम्ही जाता ते तिच्याही वतीने. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात आणि त्या दिवशी वसईत जे शुभवर्तमान वाचले जाते तेच कोल्हापुरातही वाचले जाते. याचा उपयोग करा. मुलांनी चर्चमध्ये प्रवचन लक्षपूर्वक ऐकावे, घरी येऊन आजीला सांगावे. आजीने टीव्हीवरच्या प्रवचनात काय ऐकले ते मुलांना सांगावे, आणि एकाच शुभवर्तमानावर दोन फादर काय वेगळे बोलले ते दोघांनी मिळून पाहावे. एका घरात हे दोन वर्षे चालले. त्या घरातला दहा वर्षांचा मुलगा प्रवचनाच्या वेळी छोट्या वहीत टिपणे काढू लागला, कारण घरी आजी उलटतपासणी घेत असे. त्याची आजी गेली तेव्हा ती वही त्याने तिच्या हातात ठेवली. टीव्हीमुळे त्या मुलाचे चर्चला जाणे कमी झाले नाही. आजी टीव्हीपाशी होती म्हणूनच तो चर्चमध्ये जागा राहिला.

शेवटी एक काम याच आठवड्यात करा. फादरना भेटा आणि आईंना महिन्यातून एकदा तरी, शक्य असल्यास पहिल्या शुक्रवारी, ख्रिस्तप्रसाद घरी आणून द्यावा आणि आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार, म्हणजे पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना, द्यावा अशी विनंती करा. संकोच करू नका. आपल्यासारख्या लहान आणि विखुरलेल्या धर्मग्रामात कोण अंथरुणावर आहे हे सांगितल्याशिवाय फादरना कळत नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास आजारी आणि वृद्ध माणसांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बंधनकारक नाही, तेव्हा आईंना औषधे आणि सकाळची पेज वेळेवर द्या. गिळताना त्रास होत असेल तर फादरना आधी सांगा, म्हणजे ते अगदी लहान तुकडा देतील. खाटेशेजारच्या टेबलावर पांढरे वस्त्र, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवा. मुलांची शाळा असेल तर त्या दिवशी थोडी उशिरा जाऊ द्या. धाकट्या भावालाही बोलवा; आईंना उठवून बसवायला दोन माणसे लागतील. फादर दारात आले की टीव्ही बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि इतके महिने आई पडद्यासमोर बसून जे प्रतिसाद म्हणत आल्या आहेत, ते त्यांना फादरसमोर त्यांच्याच आवाजात म्हणू द्या.